फुंका

मिरजेत, सिव्हिलच्या मागच्या इमारतीत, दुसरी खोली माझी.
एक मशीन, एक खुर्ची, नाकाला लावायचा चिमटा,
पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं.
दिवसभर मी एकच शब्द ओरडते :
फुंका, फुंका फुंका फुंका, थांबू नका, अजून, अजून…
बाहेर बाकावरचे हसतात.
जन्मभर हेच केलं की ताई,
म्हणून तर आलो.

आण्णाप्पा मगदूम, सांगलीच्या हळदपेठेत हमाल.
दिवसाला दोन बंडल.
"बिडी लई लाडाची. जरा नजर काढली की विझती.
ओढतच ऱ्हावं लागतं."
म्हणजे प्रत्येक झुरका बेंबीच्या देठापासून.
नळी परत दिली तेव्हा तिच्यावर दोन बोटं उमटलेली, पिवळी.
हळद की तंबाखू,
मी विचारलं नाही.

जतकडचा बिरू कोळेकर, मेंढरामागं फिरणारा.
"आमची चिलीम. गाळून येती."
आणि खिशातून साफी काढून दाखवली :
ओलसर फडकं, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं.
गाळलं ते हे.
न गाळलेल्यानं पहिल्या सेकंदात
लिटरभरसुद्धा हवा बाहेर येऊ दिली नाही.
शीळ घालता येते का अजून, मी विचारलं.
"आता कुत्र्यावरच भागवतो."

विश्रामबागचे उपळेकर, बँकेतून निवृत्त.
फिल्टरची, त्यातही लाइट, त्यातही मोजून दहा.
मोजून, हा शब्द ते तीनदा म्हणाले.
मशीननंही मोजलं.

हुक्क्याचा पोरगा. फक्त शनिवारी. पाण्यातून येतो म्हणे, धुऊन.
आकडा चांगला आला.
जिंकल्यासारखा बघत राहिला माझ्याकडे.
मी वयाच्या रकान्यात एकोणीस लिहिलं,
आणि पुढं थोडी जागा सोडली.

गोदाक्कांच्या फॉर्मवर सुनेनं "नाही" लिहून आणलेलं.
सून पाणी आणायला गेली तशी म्हातारी पुढं वाकली :
"दोन. दिसाला. चुलीपुढंच वडती,
म्हंजी वास कुणाचा ते कळत न्हाई."
मी खाडाखोड केली नाही.
पेन्सिलीनं, कोपऱ्यात, दोन ठिपके दिले.

कागद बाहेर येतो तेव्हा
रेघ वर चढते, आणि उतरताना मध्येच खचते,
भिजल्या धुण्यानं दोरी लोंबावी तशी.
विडीची, चिलमीची, सिगारेटची :
रेघेवरून मला ओळखता येत नाही.

आमच्या गल्लीत तंबोरे होतात.
भोपळा वाळवायचा, गर खरवडायचा,
जितका पोकळ तितका नाद, अब्बा सांगायचे,
तारा लावताना ओठांच्या कोपऱ्यात विडी.
मागच्या मंगळवारी तेच माझ्या खुर्चीत बसले.
छाती पुढं आलेली, गोल, भोपळ्यासारखीच.
आत हवा भरपूर आहे, डॉक्टर म्हणाले,
तिला बाहेरची वाट सापडत नाही.

फुंका अब्बा, फुंका, अजून, अजून, अजून…

धाप ओसरेपर्यंत बराच वेळ गेला.
मग चिमटा लावलेल्या नाकातून म्हणाले,
"पंचमात ओरडतेस तू. जरा खाली ये."

चाचणी तीनदा करायची असते.
आम्ही दोनदा केली.
तिसरी नळी मी खोक्यात परत ठेवली
आणि पुढचं नाव पुकारलं,
खालच्या पट्टीत.