एकेचाळिसावी बाटली

बेंडलांच्या कॅनिंगमागे मे महिन्यात
बाठ्यांचा डोंगर होतो.
माश्या, आंबूस वास, आणि मुकादम म्हणतो,
न्या हवे तेवढे, आमचंच भाडं वाचेल.
बारा पोती आणली, कॉलेजच्या गच्चीवर पसरली.
सोनू गोवळकर, शिपाई, म्हणाले,
एम.एस्सी. करून बाठेच फोडायचे होते तर...
पुढचं बोलले नाहीत.
हातोडी घेतली आणि माझ्याशेजारी बसले.

टरफलं डब्यात बंद करून जाळायची.
जाळायची नव्हे, मुबीना मॅडम सुधारतात,
हवा न देता भाजायची.
हवा मिळाली की राख.
नाही मिळाली की आत भोकं पडतात,
इतकी बारीक, की चमचाभर कोळशाच्या अंगावर
आमची शाळा पटांगणासकट अंथरता येईल.
फळ्यावर हिशेब मांडून दाखवला त्यांनी.
मी शाळा आठवत राहिले.

प्लेटिंगच्या कारखान्यातलं पाणी कॅनमधून आलं.
पिवळसर, नितळ,
पाहुण्याला द्यावं असं लिंबूसरबत.
क्रोमियम असंच असतं. गाळ नाही, वास नाही.
खाडीत उतरतं तेव्हा
कुणी मान वळवून बघत नाही.

ते आधी आंबट करायचं,
सोलकढीच्या कितीतरी पुढचं आंबट,
त्याशिवाय कोळसा त्याला धरत नाही.
काचेची नळी, तळाशी कापूस,
वर वीतभर काळं.
थेंब.
थेंब.
भरलेल्या दर बाटलीत रसायनाचे दोन थेंब:
क्रोमियम असेल तर जांभळं होतं,
करवंदं खाल्लेल्या ओठांसारखं.

पहिली बाटली पाणी.
दुसरी पाणी. नववी.
सोनूभाऊंची शेवटची गाडी गेली. बाविसावी.
लाइट गेली, मोबाइलच्या उजेडात सव्वीस ते तीस,
सगळी पाण्यासारखं पाणी,
आणि मला एकटीलाच हसू येत होतं.
चोखून परसात भिरकावतो आपण ज्याला,
तो बाठा
कारखान्याचं विष गपागप गिळत होता.

एकेचाळिसावीत,
पांढऱ्या कागदावर धरली तरच,
किंचित गुलाबी.

भरला, मॅडम म्हणाल्या.
वहीत वेळ लिहिली, तीन दहा.
त्या खूश होत्या. आलेख सुरेख येणार होता.

शनिवारी घरी आईला सांगितलं सगळं.
ती उंबऱ्यात बसून कालवं फोडत होती,
कोयतीचं टोक शिवणीत, मनगटाला एक झटका.
ऐकून घेतलं. मग विचारलं,
तो भरलेला कोळसा टाकणार कुठे गो?
म्हटलं, धुऊन परत वापरू, तीनदा, चारदा.
आणि धुतलेलं पाणी?
म्हटलं, ते आटवायचं, पिंपात बंद करायचं.
म्हणजे जात नाही ते, आई म्हणाली.
जागा बदलतं.

मी काही बोलले नाही.
तिच्या ताटलीत कालवं, राखाडी, ओली.
कालव दिवसभर हेच करतं:
पाणी आत ओढतं, गाळतं, सोडतं,
भरती-ओहोटी, सुट्टी नाही, पगार नाही.
खाडीच्या खडकांवर
अशा किती नळ्या उभ्या आहेत
माझ्या जन्माआधीपासून.
त्यातली एखादी कधी भरली असेल,
तर वेळ कुणी लिहिली?
आमच्या घरात तर
तिखलं करून भाताबरोबर
जेवलोय आम्ही.

त्या रात्रीही जेवलो.
आईने मला वाढलं, स्वतःला वाढलं,
आणि थोडा वेळ
दोघींनीही हात पुढे केला नाही.

सोमवारी पहाटे तिने पिशवी हातात दिली.
धुतलेले, उन्हात वाळवलेले शिंपले, दोनेक किलो.
हे पण भाजून बघ, म्हणाली,
मरूनही धरतात का काही.

एस.टी.त पिशवी मांडीवर.
कंडक्टरने नाक मुरडलं, मासळी आहे का आत?
नाही, म्हटलं.
मग काय आहे?
आईची, म्हटलं, आणि मग सुचेना.
शेवटी म्हटलं, टरफलं आहेत.