पॉइंट अठ्ठ्याहत्तर

कुंभोजकरांनी बिल माझ्यापुढे धरलं,
नापास पोराचं प्रगतिपुस्तक धरावं तसं, दोन बोटांत.
"मॅडम, चाळीस किलोवॉटच्या वर मी गेलो नाही.
मग मीटरवर एक्कावन्न केव्हीए कुणाचे?"

भोसरी, जे ब्लॉक. वॉशर पाडणारे अकरा प्रेस,
आणि ठोका असा, की वाक्य मधेच थांबवावं लागतं.
मी ठोक्यांच्या फटीतून सांगत गेले:
मोटार फिरण्याआधी स्वतःत एक चुंबक उभं करते,
त्यासाठी मागवलेलं खर्ची पडत नाही,
सेकंदाला शंभरदा येतं, शंभरदा परत जातं,
कचेरीतून 'साहेब नाहीत' ऐकून आलेल्या माणसासारखं.
काम शून्य. रिक्षाभाडं दोन्हीकडचं.
केबल तापते ती मात्र खरीच.

"म्हणजे चोरी नाही?"
"नाही. उशीर आहे."
व्होल्टेज येऊन पोचतं,
करंट दोन मिलिसेकंद मागून.

गुरुवारी, भोसरी बंद असताना,
मी आणि इर्शादने पॅनेलशेजारी
पंचवीस केव्हीएआरचे कपॅसिटर बसवले.
आता लांबून मागवायचं नाही,
शेजारणीकडून विरजण घ्यावं तसं घ्यायचं
आणि लगेच परत करायचं.
ऑटोमॅटिक रिले? "तो पुढच्या महिन्यात बघू."
शुक्रवारी मीटर पॉइंट अठ्ठ्याण्णव.
चहा आला, क्रीमरोलसकट.

पुढच्या गुरुवारी सकाळी
मुलाला उठवायला तिसरी हाक मारली
(तेवीस वर्षांचा आहे, गजर त्याच्याकडेही आहे)
आणि तिथेच आठवलं: स्विच.

ॲक्टिवा लांडेवाडीच्या चढाला कुरकुरली.
वॉचमन बाबर यांनी गेट उघडलं.
अकरा प्रेस झाकलेले, एक दिवा, एक पंखा,
आणि पॅनेलमध्ये कपॅसिटर
कुणी न मागितलेलं देत होते.
मीटरवर आकड्याशेजारी 'लीड'.
पुढे धावण्याचाही दंड असतो,
हे मी त्यांना सांगितलं होतं का? आठवेना.

"बंद कंपनीत काय काम काढलं?"
"मदत चालू राहिली होती."
बाबर यांना ते पटलं असावं. ते निघून गेले.

मी स्विच खाली ओढला.
लगेच हात लावायचा नसतो;
बंद झाल्यावरही काही वेळ
त्यांच्यात भरलेलं असतं.
मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले,
एक मिनिट,
मग सवयीने अजून एक.