हाताचा काटा

अर्धापुरात केळी कुणी विकत आणत नाही.
ती येतात.
कधी सायकलच्या हँडलला लटकून,
कधी कुंपणावरून, "ठेव गं, डाग पडलेत" म्हणत.
जी पेटीत बसत नाहीत ती आमच्याकडे बसतात.

या वेळी दीड फणी आली. फ्रिजवर ठेवली, विसरले.
साल काळी पडली, चिलटं जमली,
आणि घरभर असा वास की
शमशादबीनं भिंतीपलीकडून विचारलं,
"काय शिजवूलालीस गं चंद्रकले?"
काही नाही, म्हटलं.
आपोआप शिजूलालंय.

मग कुकरची शिट्टी काढली, रबर काढलं,
तळाला दोन बोटं जाडं मीठ,
मिठावर पालथी वाटी,
वाटीवर तेलाचा डबा कापून केलेला साचा.
मोबाईलमधली बाई म्हणाली मैदा, लोणी,
पांढरी साखर, व्हॅनिला.
पहिल्यांदा सगळं तिचंच ऐकलं.
झाला. चांगला फुगला.
बेकरीतल्यासारखा झाला,
म्हणजे माझा नाही झाला.

पुढच्या वेळी मैदा संपला होता, खरं कारण एवढंच.
कणीक घातली. साखरेच्या जागी गूळ,
तोही आमटीतला, मऊ, जिभेला जरा खारट.
रंग आला ओल्या विटेचा.
लोण्याऐवजी करडीचं तेल घातलं तेव्हा
शमशादबी म्हणाली, वास येतो तेलाचा.
आणि अर्धा घेऊन गेली.

ज्वारीचं सांगायलाच नको.
महिन्याचं दळण, विरी गेलेली,
भाकरीसुद्धा थापताना चिरत होती,
तरी घातलं.
सुरी लावली आणि सगळं ताटात सांडलं.
ओंकारनं दुधात कालवून चमच्यानं खाल्लं,
विचारलं, याला काय म्हणायचं?
चुकलं म्हणायचं, म्हटलं.
म्हणाला, मग उद्या पण चुक.

आमचे हे वजनकाट्यावर बसतात, अकरा वर्षं झाली.
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक,
उरतं ते केळं.
घरी आल्यावर केळ्याकडे बघत नाहीत.
दिवसभर बघूनच पोट भरतं म्हणतात.
पण प्रत्येक ब्रेड तळहातावर घेतात,
जरा वर-खाली करतात,
"सहाशे चाळीस."
आणि परत ठेवतात.
एकदा ओंकारला किराणा दुकानात पिटाळलं मोजायला.
सहाशे पस्तीस भरला.
"पाच ग्रॅम ह्याच्या तोंडात बघ," हे म्हणाले.
होते.

मी वहीत लिहिते. डावीकडे काय घातलं,
उजवीकडे यांचं वजन.
चव कोणत्या रकान्यात लिहायची ते कळलं नाही,
म्हणून लिहिली नाही.

परवा अर्धी ज्वारी, अर्धी कणीक,
गूळ, करडीचं तेल, चिमूटभर सुंठ,
वरून तीळ, भाकरीला लावतो तसे पाण्याच्या हातानं.
सगळं झालं, कुकर बंद झाला,
आणि ओट्यावर सोड्याची पुडी तशीच, न फोडलेली.
फुगला नाही. बसला.
खालून करपला, वरून ओलसर,
खिडकीला अडसर म्हणून लावावा असा.
झाकून ठेवला, सकाळी गाईला घालू.

रात्री लाईट गेली.
मी बाजेवर पडलेली, हे पाणी प्यायला उठले.
ताटलीवरचं झाकण सरकलं.
वर-खाली. वर-खाली.
आकड्याची वाट बघितली मी.
आकडा आला नाही.
करपलेली कड तुटल्याचा आवाज आला,
मग चावल्याचा, बराच वेळ,
पुन्हा कड तुटल्याचा.

"आज काय घातलं नाहीस?"
घातलंस काय, असं नाही विचारलं.
सोडा, म्हटलं.
"हां."
तांब्या खाली ठेवला.
"राहू दे तसंच."

गाईला सकाळी शिळी भाकरीच गेली.
वहीत त्या ओळीपुढे वजनाची जागा कोरी आहे,
यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
फ्रिजवर नवी फणी आहे,
देठाकडे अजून हिरवी.
रोज सकाळी एकदा दाबून बघते.