निळी खुर्ची

अकोबोच्या चिंचेखाली
तिसऱ्या दिवशी न्यारुओन आली,
डोक्यावर निळी प्लास्टिकची खुर्ची,
एका पायाला दोरी आवळलेली.
चार कोसांत एकदाही टेकली नव्हती म्हणे तिच्यावर.

मी इतिवृत्त लिहीत होतो.
पळवलेल्या गाई : तीनशे बारा.
मेलेले पुरुष : नावानिशी, बापाच्या नावानिशी.
पळवलेली मुलं : काही.

तिनं खुर्ची वर्तुळात घुसवली,
दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये, जिथं जागा नव्हती.
कुणी खाकरलं. बाई, पाण्याचं कोण बघणार?
घडा तिकडं आहे, ती म्हणाली,
झाकण काढलं की दिसतं.

मग माझ्याकडे वळून :
'काही' खोड.

बोटं मोडत नव्हती, मोजत होती.
आमची सहा. आणि मग, न थांबता,
त्यांचीही. मुर्लेंची.
आमच्याच पोरांनी रात्रीतून आणलेली.

आता चिंच गप्प.
तुला कशी ठाऊक त्यांची नावं?

एक माझ्या घरी आहे.
तीन पावसाळे झाले. मला आई म्हणते.
झोपेत मात्र दुसरीलाच हाक मारते.
तिला परत द्यायचं ठरवणार ना तुम्ही?
ठरवा.
मी बसलेय.

पान संपलं होतं. मी उलटलं.
गाईंचा आकडा
मागच्या बाजूला गेला.