रखमा

मस्कतहून साडेचारला सुटलो,
जबल अख्दर चढताना कान दोनदा बसले.
सायकच्या डाळिंबांच्या पायऱ्यांत एक बुलबुल,
आपल्याकडचाच वाटावा, पण डोळ्यांभोवती पांढरी कडी.

मुंधिरनं दुर्बीण शिकवली:
आधी नुसत्या डोळ्यांनी बघ,
मग नजर न हलवता काचा वर आण.
माझा दरवेळी कडाच हरवायचा.

अकराला दगड तापले, तेव्हा
दरीतून वर आलं काही,
आम्ही इतके उंच की उडत्या पक्ष्याची पाठ दिसली.
पांढरी, पंखांना काळे काठ, तोंडाला हळद.

"रखमा," मुंधिर म्हणाला, ख घशात खरवडून.
काय?
"गिधाड. आमच्यात रखमाच म्हणतात.
शहराच्या उकिरड्यावर ढिगानं असतात,
पण तिथं कोण बघतं?"

आमच्या आळीतल्या कार्यालयात
शेवटची पंगत उठली की यायची रखमाबाई.
पांढरं लुगडं, काळे काठ.
पत्रावळी गोळा करताना
उरलेली जिलबी पदरात बांधायची,
आम्ही पोरं हसायचो.
काठ आठवतात. तोंड नाही.

मुंधिरनं वही पुढं केली:
वेळ, जागा, किती.
अकरा दहा. सायकची कड.
तिसऱ्या रकान्यात पेन टेकून राहिलं.