सामाजिक करार, तास तिसरा

दौगाव्पिल्समध्ये फेब्रुवारी. रेडिएटर नुसताच गुरगुरतो.
स्काइद्रीते बाई वही उघडतात,
तीच वही, एकोणनव्वदपर्यंत जिच्यात
इतिहासाचे नियम होते, रुळांसारखे सरळ.
ती पानं फाडली नाहीत त्यांनी.
पाठच्या कोऱ्या बाजूला आता संमती, स्वातंत्र्य, अल्पसंख्य.
उजेडाकडे धरलं
की दोन्ही मजकूर एकमेकांत शिरतात.

"समजा," बाई म्हणतात, "राज्य अजून नाहीच.
आपण सगळे मोकळ्या माळावर, आणि करार करायचाय."
मुलं लिहून घेतात: समजा.

ग्लेब लिहीत नाही.
त्याच्या वडिलांचा जन्म याच गावातला,
पासपोर्ट जांभळा, त्यात नोंद: नागरिक नाही.
"बाई, त्या माळावर माझे वडील होते का?"

याचं उत्तर पुस्तकात तळटीप होऊन येतं.
बाईंना ते पाठ आहे.
त्या खडू ठेवतात,
बोटं स्कर्टला पुसतात, बराच वेळ.
मग फळा पुसायला घेतात
आणि वाक्याच्या कर्त्यापाशी अडतात.

त्यांच्या भाषेत आपण आणि आम्ही
दोघांना मिळून एकच शब्द.
तेवढा राहतो फळ्यावर.

पुढच्या तासाची मुलं दाराशी.
एकजण डस्टर उचलून विचारते,
हे पुसू?