दुसऱ्या कडव्याआधी

ऐरोली, सेक्टर तीन. रात्रीचे साडेअकरा.
पंखा बंद. फ्रिज बंद.
दूध नासलं तर नासू दे.
कपाट उघडून हेमांगीच्या साड्यांत
डोकं खुपसून मी गातो.
साड्या आवाज पितात, असं तांडेल म्हणाला होता,
सुती जास्त, नायलॉन कमी.
शालूचं विचारायची माझी हिंमत नाही.

शब्द माझे, चाल माझी,
गळाही माझाच, त्याला इलाज नाही.
सातव्या खेपेला कुत्रं भुंकलं नाही,
वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला नाही.
तेच पाठवलं तिघांना.

तांडेलचं उत्तर पहाटे, दिवाळ्याच्या जेट्टीवरून,
मागे होडीच्या इंजिनाची धडधड:
"मास्तर, खाली गुणगुण हाय. एकसारखी.
पांढरी पाचच्या केसभर वर.
तुमच्या मागच्या टॉवरच्या तारा त्या,
कळव्याला जातात त्या.
त्या काय निघायच्या नाहीत. तुम्ही पट्टी बदला.
वीज मंडळ फुकट तानपुरा देतंय, घ्या की!"

रेहाना मुकादम मधल्या सुट्टीत लिहिते.
सहावीचे पेपर तपासते त्याच पेनाने, असं वाटतं.
"पाऊलमधला 'प' फुटतोय. फोन तिरका धरा.
आणि 'विरह' तीनदा आलाय.
एकोणतीस वर्षं एका छताखाली काढल्यावर
एवढा विरह कुठून आणता?"
दोन दिवस मी तिला उत्तर दिलं नाही.
तिसऱ्या दिवशी एक विरह खोडला.

फुलसुंदर लिहीत नाहीत, फोन करतात.
महापेच्या कंपनीत कॉम्प्रेसरशेजारी एकतीस वर्षं,
डावा कान तिथेच ठेवून आले.
उजव्याने ऐकतात, डोळे मिटून,
बॉयलरचा काटा बघावा तसे.
"एक मिनिट बावीस सेकंद," म्हणाले,
"दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी श्वास घेतंय."
मीच, म्हटलं.
"नाही हो. तुमचा नंतर येतो, अर्धी मात्रा मागून.
हा जागेवर आहे."

अकरा वेळा ऐकलं मी.
तारांच्या गुणगुणीवर, साड्यांच्या पलीकडे,
पोटातून घेतलेला, भरलेला, आखूड श्वास.
गाण्याआधी घेतात तसा.
आणि पुढे काहीच नाही.

ती तर दहालाच झोपली होती,
बीपीची गोळी घेऊन, भिंतीकडे तोंड करून.

मुलगी बघायला गेलो होतो चिपळूणला,
तेव्हा आमच्या आत्याने विचारलेलं, गाता येतं का?
प्रश्न आठवतो.
पोहे आठवतात, त्यातला खोबऱ्याचा कीस आठवतो.
उत्तर काय आलं, ते आठवत नाही.

सकाळी म्हटलं, अगं, परवा रात्री तू...
"फ्रिज कुणी बंद केला होता?" ती म्हणाली,
"अर्धा लिटर गेलं."

तांडेलने विचारलं, तो श्वास पुसून देऊ?
एका बोटाचं काम आहे.
नको म्हटलं. का, ते सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.
होडीचं इंजिन तेवढं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

आठवी खेप.
पट्टी बदलली. फ्रिज चालू.
फोन तिरका केला, रेहाना म्हणाली त्याहून जरा जास्त,
बेडरूमकडे.
पहिलं कडवं झालं.
आणि मी थांबलो.
तारा गुणगुणत होत्या. फ्रिज थरथरून गप्प झाला.
चार मात्रा गेल्या, पाच गेल्या.
मग मी दुसरं कडवं धरलं, मला येतं तसं.

आज संध्याकाळी फुलसुंदरांचा फोन.
"मधे ती जागा सोडलीय. चुकून की मुद्दाम?"
तुम्हाला तिथे काय ऐकू आलं, मी विचारलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
"थांबा," म्हणाले,
"घरातला टीव्ही बंद करायला सांगतो.
पुन्हा ऐकतो."